खल्लत लोझची छाटणी

गेट सात वाजता उघडायचं होतं, म्हणजे ते साडेआठला उघडलं. दैर सुम्माक गावच्या लोकांनी कुरकुर केली नाही. मागची तीन वर्षं ते उघडलंच नव्हतं, त्यापुढे दीड तासाचं काय एवढं. यादीतली नावं एकेक करून वाचली जात होती आणि लष्करानं घातलेल्या कुंपणापलीकडच्या आपल्याच शेतात जाण्यासाठी माणसं शिड्या, पोती आणि ताडपत्र्या घेऊन रांगेत उभी होती.

“गाढवाचं नाव नाही यादीत,” गेटवरचा शिपाई मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला.

“तुमच्या यादीत नाही हे त्याचं नशीब,” वजीहची आई, उम्म वजीह, म्हणाली. “जाऊ दे रे त्याला. संध्याकाळी परत यायचं असतं हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळतं.”

रांगेत हशा पिकला. शिपाई तेवढ्यात दुसरीकडे बघू लागला आणि गाढव आत गेलं.

सित्त रसमिया मात्र हसली नाही. गावात मास्तरीणबाईंना सित्त म्हणतात, आणि रसमियानं चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. लग्न केलं नाही. घरात ती, एक लिंबाचं झाड आणि भिंतभर पुस्तकं. दिसेल त्या गोष्टीला ‘असं का?’ विचारायची तिला खोड होती. मुंग्या रांगेतच का चालतात इथपासून ते उम्म वजीहची सून दोन दिवस माहेरी का गेली इथपर्यंत. पण आज ती पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या पिशवीत भाकरी, चीज आणि काकडीबरोबर एक कागद होता.

कागदात लिहिलं होतं की खल्लत लोझ या जागेत तीन वर्षं कुणी काम केलेलं दिसत नाही, तरी ती सरकारजमा का करू नये, हे बावीस नोव्हेंबरला समितीपुढे येऊन सांगावं. तुर्की सुलतानाच्या काळातला कायदा. पडीक ठेवली की गेली. ती पडीक का राहिली, हे विचारायची मात्र त्या कायद्याला गरज वाटली नव्हती. आधी शेतात जाऊ द्यायचं नाही आणि मग शेतात का गेला नाहीत म्हणून जाब विचारायचा! चौतीस वर्षं दुसऱ्यांना कार्यकारणभाव शिकवलेल्या बाईलाही यातलं कारण कोणतं आणि कार्य कोणतं ते उलगडत नव्हतं.

वाटेवर काट्यांची झुडपं कंबरेपर्यंत वाढली होती. उम्म वजीहचा तुकडा आधी लागला. तिच्या झाडांना बुंध्यापासून फुटवे आले होते, खाली वाळलेलं गवत, ढासळलेले बांध. उम्म वजीहनं डोक्याला हात लावला. रसमियानं ते पाहिलं आणि मनाची तयारी करत पुढचं वळण घेतलं.

खल्लत लोझ म्हणजे बदामाची खोलगट जागा. बदाम नावातच उरला होता. होती ती जैतूनची, म्हणजे ऑलिव्हची, तेवीस झाडं, तीन पायऱ्यांच्या उतारावर. आणि ती छाटलेली होती.

रसमिया जागच्या जागी उभी राहिली. झाडांचे मधले फुटवे काढून आत ऊन पोचेल अशी जागा केली होती, तिचे वडील करायचे तशी. वाकड्या वाढणाऱ्या फांद्या दूर राहाव्यात म्हणून बेचक्यांत दगड बसवले होते. बुंध्याभोवतीची माती उकरलेली होती. मधल्या पायरीचा बांध ती शेवटची आली तेव्हा कोसळला होता, तो कुणीतरी पुन्हा रचला होता, मोठ्या दगडांच्या फटींत छोट्या कपच्या ठोकून. फक्त एक झाड तसंच सोडलं होतं. वरच्या पायरीवरचं, अगदी टोकाचं, टेकडीवर बाहेरून येऊन बसलेल्यांच्या वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेलं. ते झिपऱ्या वाढलेल्या माणसासारखं उभं होतं.

“जिन आले होते काय गं?” मागून आलेली उम्म वजीह म्हणाली. “मग माझ्या शेताकडे का नाही वळले मेले?”

रसमिया चष्मा सावरून एका फांदीचा काप बघत होती. काप गुळगुळीत होता. गावातल्या करवतीनं असा काप होत नाही, गावातल्या करवती आजोबांच्या वेळच्या. आणि कोवळ्या फांद्या ज्यानं बांधल्या होत्या ती हिरवी, मऊ, ताणणारी पट्टी तिनं आयुष्यात एकदाच पाहिली होती, वसाहतीच्या रस्त्याकडेच्या शोभेच्या झाडांना.

“हत्यार तिकडचं आहे,” ती हळूच म्हणाली. “पण हात इकडचा.”

“म्हणजे काय?”

“तेच कळत नाहीये.”

दिवसभर त्या जैतून उतरवत होत्या आणि रसमियाचे डोळे पुन्हा पुन्हा कापांकडे जात होते. चार वाजता गेट बंद व्हायच्या आधी तिनं मोबाइलवर त्र्याहत्तर फोटो काढले. एका फांदीचा छाटून पडलेला तुकडा सापडला, तो तिनं पिशवीत टाकला. जमीन वाचणार असं तिला वाटू लागलं होतं, आणि त्याहीपेक्षा, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कुणीतरी आपल्यासाठी कोडं घालून ठेवलंय याचा आनंद झाला होता.

तो आनंद वकिलीणबाईंनी दोन दिवसांत उतरवला. तहरीर तिची जुनी विद्यार्थिनी होती, हुशार आणि कायम घाईत असलेली.

“सित्त, फोटो उत्तम आहेत. आता सांगा, छाटणी कुणी केली?”

“मी नाही.”

“ते त्यांनाही माहीत आहे. गेटच्या नोंदीत तुमचं नाव तीन वर्षं नाही. मग कुणी?”

“तेच शोधतेय मी.”

“लवकर शोधा.” तहरीरनं एक कागद पुढे सरकवला. “कारण वसाहतीच्या कमिटीनं लिहून दिलंय की ती जागा आम्ही सांभाळतो. आमचा माळी तिथं दोन हिवाळे साफसफाई करतोय, आगीचा धोका होता म्हणून. तुमचे फोटो मी समितीपुढे ठेवले ना, तर ते त्यांच्याच बाजूचा पुरावा होतील.”

रसमियानं कागद दोनदा वाचला. माळी. नाव नव्हतं. पण तिच्या डोक्यात एक नाव येऊ बघत होतं आणि ती त्याला दारातच अडवत होती.

घरी आल्यावर तिनं अंगणातल्या लिंबाच्या झाडाला शिडी लावली. आधी उजव्या हातात करवत घेऊन एक फांदी कापली. मग डाव्या हातात घेऊन दुसरी, ती कापताना दोनदा शिडीवरून पडता पडता वाचली. शेजारची उम्म वजीह मधल्या भिंतीवरून बघत होती.

“सित्त, लिंबानं काय घोडं मारलंय तुझं?”

“इकडे ये. हे बघ.” रसमियानं तिन्ही तुकडे दगडावर ठेवले, दोन लिंबाचे आणि एक शेतातून आणलेला जैतूनचा. “करवत चालवताना शेवटी हात आपल्याकडे ओढला जातो. म्हणून उजवा हात असला की काप या बाजूला कलतो. डावा असला की त्या बाजूला. आता जैतूनचा बघ.”

उम्म वजीहनं पाहिलं. तिला विज्ञानात गती नव्हती, पण गावातली माणसं तिला पाठ होती.

“डावखुरा,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “अगं, तुमच्या घरात, अबू सालिमच्या, डावखुरा एकच होता. तुझा बाप त्याचा डावा हात पट्ट्याला बांधून ठेवायचा जेवताना. मी किती हसायचे त्याला.”

रसमियानं जैतूनचा तुकडा उलटा करून ठेवला.

“नाइफ,” उम्म वजीहनं ते नाव घेतलं. गेली नऊ वर्षं या अंगणात ते कुणी उच्चारलं नव्हतं.

नाइफ तिचा धाकटा भाऊ. आधी तो दगडाच्या खाणीवर होता. खाण बंद पडल्यावर दीड वर्ष घरी बसला आणि मग टेकडीवरच्या वसाहतीत माळी म्हणून लागला. तिथं मजुरीला जाणारा तो गावातला एकटाच नव्हता. पण वसाहतीचं कुंपण अबू सालिमच्या शेताला भिडलेलं होतं, आणि ज्यांनी बापाची वरची अर्धी जमीन गिळली त्यांची फुलझाडं मुलानं फुलवावीत, हे गावाच्या घशाखाली उतरेना. रसमियाच्या तर अजिबातच नाही. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी ती चुलत्यांना घेऊन त्याच्या घरी गेली. कॉफी आली. मागणं घेऊन आलेला माणूस कप घेतो आणि न पिता समोर ठेवतो. घरधन्यानं ‘दिलं, प्या’ म्हटल्यावर पितो. रसमियानं कप खाली ठेवला आणि म्हणाली, ते काम सोड. नाइफ जमिनीकडे बघत राहिला. त्याला ‘दिलं’ म्हणता आलं नाही, आणि रसमिया भरलेला कप तसाच ठेवून उठली. त्याच आठवड्यात त्यानं शेतातला आपला हिस्सा तिच्या नावावर लिहून दिला, निरोपसुद्धा न पाठवता. तेव्हापासून रस्त्यात समोर आला तर ती दुकानाच्या पाट्या वाचू लागायची.

“आता त्याला उभा कर समितीपुढे,” उम्म वजीह म्हणाली. “सांगू दे म्हणावं.”

“आणि त्याचा कामाचा परवाना? दुसऱ्या दिवशी काढून घेतील. त्याची पोर अबीर नाब्लुसला शिकतेय, शेवटचं वर्ष आहे तिचं.”

“तुला बरं माहीत, नऊ वर्षं बोलत नाहीस ना?”

रसमियाचे कान लाल झाले. तिला सगळंच माहीत होतं. न बोलणाऱ्या माणसाची खबर ठेवायला जास्तच कष्ट पडतात, आणि तिनं ते घेतले होते.

“मी मागणार नाही काही,” ती म्हणाली. “फक्त विचारणार आहे. खात्री करून घेतली म्हणजे झालं.”

“जमीन जाऊ देणार?”

“एकदा त्याच्याकडे त्याच्या पोटावर पाय देणारं मागितलं होतं. पुन्हा तेच मागू?”

उम्म वजीहनं नुसते तुकडे उचलले आणि परत ठेवले.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर रसमिया नाइफच्या दारात उभी राहिली. दार त्याच्या बायकोनं, इन्साफनं उघडलं. तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, पुन्हा हातात घेतलं, आणि म्हणाली, “या ना, या. उभ्या का?” मग आत तोंड करून ओरडली, “अहो!”

नाइफ आला. त्याचे केस पिकले होते. हे तिला रस्त्यात पाट्या वाचताना दिसलं नव्हतं. त्यानं हात पुढे करावा की नाही याचा विचार केला आणि शेवटी छातीवर ठेवला.

“बस, रसमिया.”

ती बसली. तीच खोली, तीच गादी. कोपऱ्यात अबीरची जाड पुस्तकं होती. इन्साफनं वेलची घातलेली कडू कॉफी आणली. नाइफनं उठून स्वतः ओतली आणि तिच्या हातात कप दिला. डाव्या हातानं ओतून उजव्यानं दिला; उजव्यानं द्यायला तो लहानपणी मार खाऊन शिकला होता.

रसमियानं कप हातात घट्ट धरून ठेवला. हा खाली ठेवायचा नाही, हे ती वाटेवर स्वतःला दहा वेळा बजावत आली होती. विचारायचं, दोन घोट घ्यायचे, निघायचं.

“खल्लत लोझला गेले होते,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“बावीस झाडं छाटली आहेत कुणीतरी.”

“बरं झालं की मग.”

“काप डावीकडे कलतो.”

नाइफ गालातल्या गालात हसला. “काय गं, पोलिसात का नाही गेलीस तू? शाळेत फुकट गेली अक्कल.”

“अरे, कधी करायचास?”

“दुपारच्या सुट्टीत. अर्धा तास मिळतो जेवायला. कुंपणाची एक तार सैल आहे.” तो आता कपाकडे बघत बोलत होता. “पहिल्यांदा पकडलं मला त्यांनी. मी म्हटलं, साहेब, केवढं गवत वाढलंय, एक काडी पडली तर तुमची घरं पेटतील. म्हणाले, शाबास, करत जा साफ. मला वाटलं, काय बनवलं यांना! दोन हिवाळे मनातल्या मनात हसत होतो.” त्यानं मान हलवली. “आणि परवा त्यांच्या कचेरीत कळलं, की तेच त्यांनी कागदावर घातलंय. आमचा माळी, म्हणे. बापाचं शेत मी माझ्याच हातानं छाटून त्यांच्या ताटात वाढलं, रसमिया.”

इन्साफ दारात उभी होती. रसमियाला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग सापडेना. तिनं जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, कारण न विचारता तिला उठता आलं नसतं.

“एक झाड का सोडलंस? वरच्या पायरीवरचं. वसाहतीच्या पहाऱ्याच्या मनोऱ्यातून दिसतं म्हणून?”

“छे. बाकीची नाही का दिसत?” नाइफला आश्चर्य वाटलं. “तुझं आहे ना ते.”

“माझं?”

“बाबांनी तू जन्मलीस तेव्हा लावलेलं. तुला नाही सांगितलं? मला आणि आपल्या थोरल्या सालिमला सांगून ठेवलं होतं, या झाडाला करवत लावायची तर आधी रसमियाला विचारायचं. सालिम, देव त्याला शांती देवो, एकदा न विचारता चढला तर केवढा मार बसला त्याला.” तो थांबला. “तू बोलत नव्हतीस. मग विचारणार कसं? म्हणून राहिलं ते.”

बापानं आपल्या मुलीला सोडून सगळ्यांना ते सांगितलं होतं! मुलींना शेतात काही आपलं म्हणायची रीत नव्हती, म्हणून तोंडावर बोलला नसेल म्हातारा. आणि हा वेडा, दोन हिवाळे भाकरीचा अर्धा तास मोडून बावीस झाडं करतो, आणि तेविसाव्याखाली उभा राहून परत फिरतो, बहिणीला विचारलं नाही म्हणून. रसमियाचा चष्मा धुकटला. तिला काहीच दिसेना. तो काढून पुसायला दोन्ही हात लागतात, म्हणून तिनं कप समोरच्या तबकात ठेवला, पदरासारखं लोंबणारं ओढणीचं टोक घेतलं आणि काचा पुसू लागली.

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा नाइफ सरळ बसला होता. इन्साफचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला होता. दोघंही तबकातल्या भरलेल्या कपाकडे बघत होते.

“दिलं,” नाइफ म्हणाला.

“अरे, नाही—”

“बावीस तारखेला येतो. त्यांनी मला एक तासाची मजुरी दिलेली नाही त्याची. माझ्या जेवणाच्या वेळेत, माझ्या बापाच्या झाडांवर, माझ्या हातानं केलंय, तुझ्यासाठी, असं सांगतो. डावा हात पाहिजे तर बघा म्हणतो. पी.”

“नाइफ, ऐक. मी काही मागायला आले नव्हते. चष्मा पुसायला ठेवला रे मी तो!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो मोठमोठ्यानं हसला, लहानपणी हसायचा तसा, मान मागे टाकून. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“चष्मा पुसायला! नऊ वर्षं, रसमिया. याच जागी तू कप ठेवलास आणि माझ्या तोंडून ‘दिलं’ निघालं नाही. इन्साफला विचार, तो कप मी तिला दोन दिवस उचलू दिला नव्हता. आज निघालंय तोंडून, तर परत घेऊ नकोस.”

“परवाना जाईल.”

“जाईल.”

“इन्साफ, तू तरी सांग याला.”

इन्साफनं फडक्यानं नाक पुसलं. “मी काय सांगू? रोज संध्याकाळी घरी येऊन आरशात न बघता तोंड धुतात हे. मला तरी किती दिवस बघवेल?” मग थोडं थांबून ती म्हणाली, “कठीण जाईल. पण तुम्ही प्या.”

रसमियानं अबीरच्या पुस्तकांकडे पाहिलं. “तिच्या या वर्षाचा खर्च मी बघेन,” ती म्हणाली. “त्यात तू पडायचं नाहीस. शिकवणं हे माझं काम आहे.”

“ते तुझं तू अबीरशी भांड.”

समिती ऐकेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. तारीख पुढे ढकलली जाईल, दुभाष्या चुकीचं सांगेल, कमिटीचा वकील माळ्याला खोटं पाडेल. गावात अशा गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण नाइफ तिथं उभा राहणार आणि बापाचं नाव घेणार, एवढं या खोलीत आता ठरलं होतं, आणि ते ठरवणारी ती नव्हती, चुकून खाली ठेवलेला एक कप होता. प्यायली नाही तर ती दुसऱ्यांदा त्याचा कप भरलेला सोडून उठणार. प्यायली तर त्याची भाकरी जाणार. रसमियानं आयुष्यभर प्रश्न विचारले होते. हा प्रश्न कुणाला विचारायची सोय नव्हती.

तिनं कप उचलला. कॉफी कोमट झाली होती. ती एका दमात प्यायली.

पुरे झालं की कप हलवून परत द्यायचा असतो. रसमियानं हलवला नाही, तसाच पुढे केला.

“आणखी ओत,” ती म्हणाली. “आणि माझं ते झाड कसं छाटायचं ते नीट समजावून सांग. मला काही येत नाही त्यातलं.”

नाइफनं डाव्या हातानं कॉफीची सुरई उचलली.